डांक म्हणजे फसवणूक? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

युरोपातल्या रेनेसाँसकाळातल्या दागिन्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "खड्याखाली डांक घालायचा आणि त्याला कारागिरी म्हणायचं, ही शुद्ध फसवणूक. गोऱ्यांचं गुणगान पुरे. सोनं कधी हातात धरलंय का?" (डांक म्हणजे खड्याला उजाळा यावा म्हणून कोंदणात त्याच्याखाली ठेवलेला धातूचा पातळ पत्रा.) शिवाय कॅनिंग पदक या गळ्यातल्या लोलकाचा काळ, मीनाकाम, लेखाची लांबी, सगळ्यावरच टोले.

काळाचं मान्य. वेड्यावाकड्या मोत्याचं धड असलेला, तलवार उगारलेला त्या पदकातला ट्रायटन (अर्धा माणूस, अर्धा मासा असा सागरदेव) मी 16व्या शतकातला म्हटला होता; जाणकार आता तो 19व्या शतकातला मानतात. दुरुस्ती केली आहे. पण तेवढं सांगायला इतकं कडवट व्हायची काय गरज होती?

आणि सोनं हातात धरण्याचं म्हणाल, तर माझे वडील जडकाम करायचे. शाळेतून आलो की मी त्यांच्यासमोर बसायचो. चिमट्यात डांकाचा कपटा धरून ते खिडकीशी जायचे, त्यावर माणिक ठेवून बघायचे, काढायचे, दुसरा कपटा घ्यायचे. एकेका खड्यात अर्धी दुपार जायची. गिऱ्हाइकाला खाली डांक आहे हे आधीपासून ठाऊक असे. त्यांना फसवे म्हणायचं असेल तर तसं सरळ म्हणा, गोऱ्यांचं नाव पुढे करू नका.

रेनेसाँसकाळी हिऱ्याचे पैलू अगदी मोजके. एकतर वर टोक, नाहीतर सपाट टेबल. आजच्या ब्रिलियंट कटसारखा उजेड आतून उलटून वर येत नसे. त्यात कोंदण मागून बंद. खाली काही नसेल तर खडा मेल्यासारखा दिसे. म्हणून रंगीत खड्यांना डांक, आणि हिऱ्याखाली काजळी नि मस्तकी डिंकाचा लेप. सम्राट पाचव्या चार्ल्सने पोप तिसऱ्या पॉलला दिलेल्या हिऱ्याला बेन्व्हेनुतो चेल्लीनी या इटालियन सोनाराने असाच लेप दिला. त्याआधी तो हिरा व्हेनिसच्या मिलियानो या नावाजलेल्या जवाहिऱ्याच्या हाताखालून गेला होता, त्यामुळे चेल्लीनीची कसोटीच होती. खुद्द पोपला ठाऊक असलेली गोष्ट फसवणूक कशी होते? शिवाय चेल्लीनीने तांबं, चांदी, सोनं मिसळून डांक कसे करायचे ते 1568 साली छापून टाकलं. लबाड माणूस आपली कृती जगाला वाटत नाही. काचेचा तुकडा माणिक म्हणून विकणं ही फसवणूक. दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कारागिराच्या इमानावर बोलू नये.

मीनाकामाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही. लेख लांब वाटला तर वाचू नका.

घरात कुंदनाचा एखादा जुना दागिना असेल तर त्याचा सैल झालेला खडा उचलून बघा. खाली डांक सापडेल. तो घडवणाऱ्या आपल्या माणसालाही तुम्ही हाच शब्द वापरणार आहात का, तेवढं कळवा.