दुधासारखं निर्मळ दिसायचं असेल तर

नावलौकिक हवाय ना? मग आधी दुधाचा नीट अभ्यास करा. शंभरातले सुमारे 87 भाग नुसतं पाणी असूनही गाईच्या दुधाला जग पूर्णान्न म्हणतं. हे ज्याला उमगलं त्याला प्रतिमा कशी जपावी हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सुरुवात रंगापासून करू. दुधात पांढरा रंग म्हणून काही नसतोच. स्निग्धांशाचे बारीक गोळे आणि केसीन या प्रथिनाचे त्याहून बारीक कण पाण्यात तरंगत असतात. उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे उधळतो आणि बघणाऱ्याला पांढरंशुभ्र दिसतं. तेव्हा आतून पांढरं होण्याच्या नादाला लागू नका. बारीकसारीक कण भरपूर बाळगा आणि पडलेला उजेड बाहेरच्या बाहेर परतवा. आरपार काही दिसेनासं झालं, की लोक आपण होऊन निर्मळ म्हणतात.

आता पाणी घालण्याविषयी. पाणी घालणं कोणालाही जमतं, म्हणूनच ते पकडलं जातं. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, घनता साधारण 1.03. पाणी मिसळलं की ती उतरते, लॅक्टोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) जास्त खोल बुडतो आणि बोंब होते. नवशिके इथेच अडकतात. मुरलेला माणूस आधी साय काढून घेतो. साय हलकी; ती गेली की उरलेलं दूध आणखी जड होतं आणि लॅक्टोमीटर वर येतो. मग बेताबेताने पाणी सोडायचं. नळी हळूहळू खाली सरकत पुन्हा बरोबर खुणेवर येते आणि तिथे गुमान डुलत राहते. साय तुमच्या भांड्यात, पाणी गिऱ्हाइकाच्या, आणि वर यंत्राचा दाखला! (मला या युक्तीचं मनापासून कौतुक आहे. एक लबाडी दुसरीला इतक्या मायेने सावरते, असं सख्ख्या भावंडांतही दिसत नाही.) म्हणून हिशेबात तूट निघाली तर ती भरून काढायच्या फंदात पडू नका, तिला तोलून धरील अशी दुसरी तूट शोधा.

सावध राहायचं ते स्टीफन बॅबकॉकसारख्यांपासून. या अमेरिकन गृहस्थाने 1890 साली दुधात सल्फ्युरिक आम्ल घालून स्निग्धांश मोजायची सोपी रीत काढली, आणि साय काढून घेणाऱ्यांचं पितळ उघडं पडायला लागलं. बरं, एवढं करून त्याने पेटंटही घेतलं नाही. ज्याला स्वतःचा फायदा कळत नाही, त्याच्याशी तडजोड तरी कशी करायची?

हंसाला मात्र चौकशी समितीवर अवश्य घ्या. ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द अहवालात शोभून दिसतो. शिवाय त्याने खरोखरच दूध आणि पाणी वेगळं करायला घेतलं, तर चोख दुधातूनही 87 भाग पाणीच निघायचं आणि साधाभोळा माणूसही दोषी ठरायचा. हे ठाऊक असल्यामुळे हंस सहसा मुदतवाढ मागतो.

नाव कसं राखावं हेही दुधाकडूनच शिका. सोयाबीनच्या पेयाला दूध म्हणून विकता येणार नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2017 साली दिला. नारळाच्या दुधाला मात्र मुभा, कारण ते अपवादांच्या यादीत होतं. म्हणजे खरेपणा सिद्ध करत बसू नका, यादीत नाव घाला.

चारचौघांत बोलतानाही दूध हाताशी असू द्या. मदत केलेला माणूस उलटला, की ‘सापाला दूध पाजलं’ म्हणून सुस्कारा सोडावा. दूध हे सापाचं अन्नच नव्हे, त्याने ते मागितलंही नव्हतं. पण खुलासा करायला साप थोडाच येतोय! आपली लबाडी ज्याच्या लक्षात येत नाही तो दूधखुळा, ज्याच्या लक्षात येते तो दुधात मिठाचा खडा टाकणारा. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ हे साहेबांच्या केबिनबाहेर पडल्यावर, आणि तेही मनातल्या मनात.

पाहुण्याला भरला पेला द्या आणि संपेपर्यंत समोरून हलू नका. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांची दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ताकद लहानपणानंतर कमी होते. पण पोट धरून उठणाऱ्याला ‘नाजूक आहे बाई’ म्हणणं हे बिनलॅक्टोजचं दूध शोधण्यापेक्षा सोपं.

राहता राहिली शेगडी. तापताना दुधावर प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पातळ पापुद्रा धरतो. खालून वाफेचे बुडबुडे येतात, पापुद्र्याखाली कोंडतात, आणि कडेला नुसती सुरकुती दिसते न दिसते तोच सगळं पातेलं एकदम फुगून वर येतं. तुम्ही डोळ्यांत तेल घालून उभे असता तेव्हा ते ढिम्म हलत नाही. फोन वाजायचा अवकाश, की गेलंच. असं उतू गेलं तर घाईने शेगडी बंद करू नका. आधी स्वयंपाकघरात दुसरं कोण उभं आहे ते बघून घ्या.