पणजोबांना सुभेदार करायचंय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी हुद्दा ठरवून घ्या, पुरावा काय, नंतर पाहता येतो. शिपाई नको, शिपाई तर कोणाचेही असतात, कमीत कमी सुभेदार पायजे. व्याह्यांचे पणजोबा आधीच सुभेदार निघाले असतील तर आपले सुभेदार-मेजर.

मग लढाई. पानिपत घेऊ नका राजेहो, १७६१ च्या त्या रणांगणात आपले नागपूरचे जानोजी भोसले नव्हतेच, आणि लग्नाच्या पंगतीत एखादा इतिहासाचा मास्तर बसलेला असतोच. त्यापेक्षा नागपुरातलीच सीताबर्डी घ्या, २६-२७ नोव्हेंबर १८१७, पणजोबांच्या वयात शंभर वर्षांचा घोळ होईल पण मेट्रोने जाता येते हो लढाईला. हरलो होतो, तिथे आवाज खाली करून "फितुरी" म्हणायचं.

कागदांचं म्हणाल तर कोतवाल बुकात जन्म-मृत्यू सापडेल, पलटण नाही सापडत. मोडी कागद निघाला तर वाचणारा गाठा, तो बिचारा आधीच लोकांच्या जातपडताळणीत बुडालेला असतो. त्याने "ही तर शेतसाऱ्याची पावती आहे" असं सांगितलं की समजायचं याला मोडी येत नाही.

पहिलं महायुद्ध मात्र बेस्ट. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर तिकडे मेलेल्या चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे पण हिंदी फौजेतल्या अफसरांचीच नावं कोरली, शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा, म्हणजे नाव नाही हाच पुरावा! फक्त पणजोबा त्यानंतर तीस वर्षं घरीच जेवले, तेवढं कोणाला बोलू नका.

आणि माळ्यावरच्या डब्यात मेडल असलं तर त्याची कड वाचू नका. मी वाचली. समोर पंचम जॉर्जचं डोकं, आणि कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं कोरलेलं असते. आमच्या आजीने दर दसऱ्याला चिंचेने घासून घासून निम्मं पुसलं होतं, तरी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला तर दिसलंच, "भिस्ती". म्हणजे मेसोपोटेमियाच्या, आताच्या इराकच्या, उन्हात माणूस पखाल पाठीवर घेऊन गोळ्यांमधून पाणी पाजत फिरला असेल. शिपायांना हेच मेडल चांदीचं, आणि असल्या कामवाल्यांना ब्राँझचं.

काकांना दाखवलं. म्हणे, ब्राँझ-बिंझ काही नाही, चांदीच आहे ती, काळी पडली. आन चिंच.