स्टँड मिक्सर वॅट बघून घेऊ नका

आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर सध्या स्टँड मिक्सरबद्दल, म्हणजे पीठ मळायच्या आणि केकचं मिश्रण फेटायच्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरतोय: "स्टँड मिक्सर घेताना फक्त वॅट बघा. निम्म्याहून कमी किमतीत १५०० वॅटचा मिळत असताना ३०० वॅटचा किचनएड घेणं म्हणजे नावाचे पैसे. रोजची कणीक त्यातच मळा. ब्रँडच हवा असेल तर अमेरिकेहून मागवा, स्वस्त पडतो." दादरच्या घरातून मी केक आणि पाव करून विकते. हा मेसेज वाचून दोघींनी मशीन मागवलं, म्हणून लिहितेय.

"वॅट जास्त, ताकद जास्त." वॅट म्हणजे मोटर वीज किती खेचते त्याचं माप. त्यातला जोर पीठ मळणाऱ्या हुकपर्यंत किती पोचतो ते गिअरवर ठरतं. पीठ मळताना वेग नको, हळू फिरताना जोर हवा. जड मशीनमधले धातूचे गिअर मोटरचा वेग उतरवून जोर वाढवतात, म्हणून ३०० वॅटमध्येही काम भागतं.

माझं पहिलं मशीन १२०० वॅटचं होतं. लादीपावासाठी पाऊण किलो मैदा घ्यायचे, त्याहून जास्त कधीच नाही. दुसऱ्या महिन्यात आतून करकर आवाज आला, हुक थांबला आणि मोटर नुसती फिरत राहिली. लोहार चाळीत दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दात पार झिजले होते. नवा गिअर कुठेच मिळेना. चांगल्या मशीनमध्येही मोटर वाचावी म्हणून एखादा गिअर मुद्दाम नरम ठेवतात, पण तो सुटा मिळतो आणि बदलता येतो. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरं, मशीनच्या बुडाशी माहितीची पट्टी असते. तिच्यावर 'केबी' या इंग्रजी अक्षरांपुढे मिनिटं लिहिलेली असतील, तर तेवढाच वेळ ते सलग चालवायचं. माझ्या पावाच्या पिठाला दहा मिनिटं लागतात. तिथे ५ लिहिलेलं मशीन माझ्या कामाचं नाही. शिवाय २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. ओट्याजवळचा साधा सॉकेट ६ अँपिअरचाच असतो, त्याला हे झेपणार नाही.

"रोजची कणीक त्यातच." चौघांच्या पोळ्यांची कणीक पाच लिटरच्या भांड्यात हुकला चिकटून नुसती गोल फिरते. पुऱ्यांची घट्ट कणीक तर गिअरवर फारच ताण देते. पुरणपोळीची सैल कणीक किलोभर तिंबायची असेल, तेव्हा मात्र हे मशीन खरंच हात वाचवतं. वाटणाला आपला मिक्सर लागणारच.

"अमेरिकेहून मागवा." तिथे वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. ते मशीन इथे सरळ लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर घेतला, तर आपल्या एवढ्याशा ओट्यावर आणखी एक जड डबा आला. वॉरंटीही सहसा तिथल्यापुरतीच असते.

नावाचे पैसे नकोत, हे मला पटतं. महिन्याला एखादा केक करणारीला हँड मिक्सर पुरतो. उरलेल्या पैशांत चांगला ओव्हन घ्यावा.

त्या दोघींपैकी एकीचं खोकं अजून उघडलेलं नाही. ताई, परत करायची मुदत आहे तोवर माहितीपुस्तिकेत एका वेळी किती पीठ चालतं ते वाचा. आणि मशीनचं डोकं वर उचलल्यावर ते वरच्या कपाटाला लागत नाही ना, ते टेपने मोजून घ्या.