गिरणी कामगार म्हटलं की बाई का आठवत नाही?

गोधडी शिवताना दोरा तुटला की माझी आजी एका हाताने, न बघता गाठ मारायची. इतकी बारीक, की बोट फिरवलं तरी लागायची नाही. ती गाठ लालबागच्या गिरणीतली, वाइंडिंग खात्यातली (म्हणजे सूत गुंडाळायचं खातं), हे मला फार उशिरा कळलं.

दर एक मेला गिरणी कामगारांचे जुने फोटो फिरतात. त्यात सगळे पुरुष. मला ते आता बघवत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग (सुताच्या लडी करणं) ही तर बायकांचीच खाती, वर देखरेखीला नायकीण, म्हणजे बाई मुकादम. मजुरी उक्ती, जितकं काम तितके पैसे. सूत हलकं आलं की दोरा सारखा तुटायचा, सांधण्यात वेळ जायचा आणि पैसे त्या बाईचेच कमी व्हायचे. तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवून बायका कामावर जायच्या. आजी हे सांगताना आवाज खाली घ्यायची.

१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये युनियनचे पुढारी डांगे मीरत खटल्यात (इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला कटाचा खटला) पकडले गेले, पण त्यांच्या पत्नी उषाताई डांगे गिरणीतल्या बायकांना संघटित करत राहिल्या. पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कामगार बायका पुढारी झाल्या. संपाच्या दिवसांत बायका हातात झाडू घेऊन गेटवर उभ्या राहत. "बावट्याला चार आणे मीबी दिलेत," हे आजी ताठ मानेने सांगायची.

१९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. त्याआधी विधिमंडळात बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. भार पडला मालकावर. मग मालकांनी हिशोब केला : बाई ठेवायची तर भत्ता, पाळणाघर, वर रात्रपाळीला तिला लावता येत नाही. जलद वाइंडिंग मशीनं आली आणि आधी बायकांचीच नावं कटली. सत्तरच्या दशकापर्यंत शंभरात चार-पाच बायका उरल्या असतील.

कायदा चुकीचा होता असं मी अजिबात म्हणत नाही. माझा राग युनियनवाल्यांवर आहे, आणि ती माझीच माणसं आहेत म्हणून जास्त आहे. पुरुषाची नोकरी गेली की संप. बाईची गेली की "घरी नवरा कमावतोय ना". आजीचा नवरा तर कधीच गेला होता! बायकांची वेगळी, स्वतःच्या जोरावर उभी राहणारी युनियन गिरणगावात असती तर वाइंडिंग खातं इतकं गुपचूप रिकामं झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आजीचा गिरणीचा पास कुठे गेला, घरात कुणालाच माहीत नाही. तुमची आजी, आत्या, मावशी वाइंडिंगला किंवा रीलिंगला असेल तर मला कळवा. गिरणी कुठली, खातं कुठलं, किती वर्षं. आणि तिचा पास सापडला तर रद्दीत टाकू नका.