गुपचूप पावडर मिसळून दारू सुटत नाही

‘भाजीत चिमूटभर पावडर टाका, नवऱ्याला कळणारही नाही, दारू सुटेल’ हा फिरत असलेला मेसेज चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा. अशा पुडीत डायसल्फिरम हे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध असेल तर? ते दारूची ओढ मारत नाही. त्यावर दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं. उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. औषध थांबवल्यावरही हा धोका १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

पुडी आणणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही. घर जळताना माणूस काहीही करून पाहतो. पण रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, घरच्यांनाही.