बटाटा धरायचा नाही म्हणे!

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं साधं आहे. माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं पोटात गेली पाहिजेत. इथवर आपण खुशाल मान डोलावतो. घात पुढच्या ओळीत आहे. या चारशेत बटाटा धरायचा नाही, रताळंही नाही. म्हणजे सोमवारच्या काचऱ्या, बुधवारचा रस्सा आणि शनिवारचा वडापाव, सगळं एका फटक्यात शून्य. ही पिष्टमय मंडळी, त्यांचं पान पोळी-भाताच्या पंगतीत. एकादशीचं तर विचारूच नका. बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. पोटाला तडस लागते आणि खात्यावर भाजी जमा होते ती खिचडीवरची कोथिंबीर. तीही ज्यांच्याकडे उपासाला चालते त्यांच्याच!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आखून दिलेलं २००० कॅलरींचं ताट आणखी कडक आहे. ४०० ग्रॅम नुसत्या भाज्या, वर १०० ग्रॅम फळं. आता आपलं ताट बघा. आपल्याकडे भाजी ही पोळीला लावायची वस्तू आहे. तीन पोळ्यांना एक डाव, म्हणजे फार तर ५०-६० ग्रॅम. उरलेल्या दीड पोळीला लोणचं असतंच. चौघांच्या घरात रोजच्या दीड किलो भाजीचा हिशेब मांडला, तर पिशवी उचलणारा आधी घर सोडेल.

सगळ्यात फसवी ती पालेभाजी. मेथीची पाव किलोची जुडी निवडली की हाती दीडशे ग्रॅमच्या आसपास पानं लागतात. कढईत टाकताना डोंगर, पाच मिनिटांनी बघावं तर मूठभर चिखल. तरी धीर सोडू नये, कारण वजन कच्च्या पाल्याचं धरायचं असतं. ही एकच सवलत आहे, ती मी तरी सोडणार नाही.

निवडायला मालिकेचा एक भाग पुरतो. मुळं, पिवळी पानं आणि जून देठ बाहेर. कोवळे देठ मात्र बारीक चिरून भाजीतच जाऊ द्या. खरी परीक्षा धुण्याची. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, भाजी बुडवून हलवा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. माती तळाशी बसते. मग बहुतेक जण काय करतात, तर अख्खं पातेलं चाळणीत उपडं करतात! तळाची माती पुन्हा भाजीच्या डोक्यावर. पहिल्या घासाला दाताखाली कचकन वाजतं ते हेच. दोन्ही हातांनी भाजी पाण्यातून उचलून घ्यायची, मग पाणी ओतायचं. पातेल्याच्या तळावर बोट फिरवून रेती लागेनाशी होईपर्यंत हाच क्रम. तीन पाणी लागतात, पावसाळ्यात चारही.

आणि धुवायचं ते चिरायच्या आधी. चिरून धुतलं की क जीवनसत्त्व आणि फोलेट (हे ब गटातलं जीवनसत्त्व) मोरीत जातं. कडूपणा घालवायला मीठ चोळून मेथी पिळतात, त्यातही हेच होतं. मोरीचं आरोग्य त्यामुळे उत्तम राहतं. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालायची युक्तीही नको, त्याने रंग राहतो आणि ब व क जीवनसत्त्वं जातात. पहिली चार मिनिटं झाकण न ठेवता परता, पानातलं आम्ल वाफेबरोबर निघून जातं आणि भाजी शेवाळी दिसत नाही. तेलाच्या फोडणीला मात्र नाक मुरडू नका. पाल्यातलं कॅरोटीन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. चमचाभर पुरे, वर तवंग दिसायलाच हवा असं काही नाही.

पालकातलं लोह भारी लाजाळू. लिंबू पिळलं तर आतड्यात जरा मोकळेपणाने शोषलं जातं, आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर अडून बसतं. निदान तासभर थांबा. (हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच ते अमानुष वाटलं.) मुतखड्याच्या बाबतीतही आपला न्याय उफराटा. टोमॅटोच्या बिया वर्षानुवर्षं बदनाम, आणि खडे बनवणाऱ्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षाराने भरलेला पालक पंगतीत उजळ माथ्याने बसलेला. ज्यांना ऑक्झॅलेटचे खडे होतात त्यांनी पालक भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकावं.

आता सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा लाडका दुध्याचा रस. इथे मात्र थट्टा बाजूला. दुधी एखादवेळी कडू निघतो. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषाचा असतो आणि शिजवूनही जात नाही. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, घसरलेला रक्तदाब असा प्रकार होतो, माणसं दगावलीही आहेत. उतारा नाही. पण आपल्या मनात कडू म्हणजे औषधी हे इतकं घट्ट बसलंय, की माणूस डोळे मिटून पेला रिकामा करतो आणि वर गुण येणार म्हणून खूशही होतो. आधी फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. रसात आवळा, पुदिना घालू नका, त्यात कडूपणा लपतो.

फळांचं आपल्याकडे एक बरं आहे. ती देवापुढे ठेवायला आणि आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायला असतात. धडधाकट माणसाने पेरू कापून खाल्ला तर घरचे काळजीने विचारतात, बरं नाही का? रस मात्र चालतो. पण पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा बादलीत जातो आणि साखर झरझर रक्तात. तीच मोसंबी सोलून खायला बसा, दुसरीलाच पोट ‘पुरे’ म्हणतं.

हे सगळं वाचून कोणी सोमवारपासून शंभरावरून चारशेवर उडी मारली, तर मंगळवारी पोटात ढोल-ताशाचं पथक सराव करील. मोठ्या आतड्यातले जंतू तंतूंवर ताव मारतात, वायू होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणी वाढवा. एक केळं, वाटीभर काकडीची कोशिंबीर, दोन्ही जेवणांत वाटीभर भाजी, की चारशे होतात. कागदावर इतकं सोपं. ताटात मात्र रात्री जेवण आटोपल्यावर बघावं, तर कडेला ओळीने लावून ठेवलेली कढीपत्त्याची सहा पानं, टोमॅटोची सालं आणि शेपूचा एक देठ.