चिखल बघायला तिकीट

"चिखल बघायला तिकीट काढायचं?" नवऱ्याने एवढंच विचारलं आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. सांगलीचा माणूस. २०१९ च्या पुरानंतर घरातला चिखल आठवडाभर स्वतःच्या हाताने उपसलाय, तेव्हा मी वाद घातला नाही.

तर १ नोव्हेंबरला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून मी गेंटहून औदेनार्दकडे निघाले, कोपेनबर्गक्रॉस ही चिखलातली सायकल शर्यत बघायला. सोबत त्याची आई. वय सत्तरीपुढचं, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मांडीवर थर्मास. बेल्जियममध्ये हा सर्व संतांचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. लोक घरच्यांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवून येतात, त्यामुळे रस्ताभर दुकानांसमोर शेवंतीच शेवंती. (इथल्या पहिल्या वर्षी मी हौसेने अशीच कुंडी घेऊन एका घरी जेवायला गेले होते. यजमानांचे चेहरे अजून आठवतात.) काकू सकाळीच कबरस्तानात जाऊन आल्या होत्या. आता शर्यत. दोन्ही दरवर्षीचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सायक्लोक्रॉस म्हणजे शेतं, कुरणं, वाळू, चिखल यांतून गोल गोल फिरणारी सायकल शर्यत. फेरी तीनेक किलोमीटरची, पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची. सायकल दिसते रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीसारखीच, फक्त टायर खाचांचे. तेही ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाहीत. सुरुवातीच्या रेषेवर अधिकारी माप लावून बघतात. जिथे चाक फिरत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं.

कोपेनबर्गचा चढ दगडी फरसबंदीचा, सगळ्यात तीव्र जागी २२ टक्के. १९८७ च्या टूर ऑफ फ्लँडर्स या रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत येस्पर स्किबी हा डॅनिश सायकलपटू इथे पडला आणि मागची अधिकाऱ्यांची गाडी त्याच्या सायकलीवरून गेली. मग हा चढ त्या शर्यतीतून २००२ पर्यंत गायब. क्रॉसवाल्यांना हा दगडी चढ पुरत नाही, ते त्याच टेकडीच्या कुरणातूनही जातात. रात्री पाऊस पडून गेलेला. ते तिरकं कुरण बघून मला लावणीच्या आधी चिखलणी केलेलं खाचर आठवलं, फक्त कोणीतरी ते उभं करून ठेवलेलं.

मी आपली शेवटच्या रेषेकडे निघाले होते. काकूंनी दंडाला धरून मागे ओढलं. "तिथे फक्त जिंकणारा दिसतो. इकडे या." आणि नेलं पिटजवळ, सायकली बदलतात तिथे.

इथे मी अर्धी शर्यत काढली. चिखल इतका की सायकल अर्ध्या फेरीत जड होते, गिअरमध्ये गवत गुंडाळतं. मग पिटमध्ये शिरायचं, घाण सायकल सोडायची, धुतलेली उचलायची. तुम्ही पुढच्या वेळी येईपर्यंत ती घाण सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धुऊन, साखळीला तेल देऊन तयार हवी. मोठ्या संघांचे पगारी मेकॅनिक असतात. पण त्यांच्या शेजारीच एक पोटसुटा गृहस्थ एकटा धावत होता. काकू म्हणाल्या, वडील असणार. स्वेन नेसने ही शर्यत नऊ वेळा जिंकलीय, त्याचा मुलगा थिबाऊ आता पळतो, ते सगळं त्यांना पाठ. पण त्यांचं बोट मात्र या बापाकडे.

त्याचा मुलगा निळ्या हेल्मेटमधला, शेवटून तिसरा. मी त्यालाच धरलं. दर सात-आठ मिनिटांनी तो यायचा, दोन हातांवरून. श्वासाची घरघर ऐकू येत होती, नाकातून लोंबलेलं सगळं दिसत होतं. आमच्या मागे बिअरच्या तंबूत गाणी चालू, कोणीतरी माझ्या बुटांवर फ्राइज आणि मेयोनीज सांडून पुढे गेलेलं. मी चक्क मराठीत ओरडत होते, "चल रे, चल, उचल!" कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आणि मग तो आलाच नाही. बाप धुतलेली सायकल धरून उभा.

नियम असा: पहिल्या फेरीला पुढाऱ्याला, म्हणजे सगळ्यात पुढे असलेल्याला, जितका वेळ लागला, त्याच्या ८० टक्के इतके तुम्ही मागे पडलात की तुम्हाला थांबवतात. निकालात नाव लागतं, राहिलेल्या फेऱ्यांच्या आकड्यासह. म्हणजे सात मिनिटांच्या फेरीला साडेपाच मिनिटं मागे पडलात की विषय संपला. कारण कळतं. वाट अरुंद, पुढाऱ्याच्या वाटेत मागचे अडकले तर शर्यत बिघडते. माझा सहकारी हेच समजावत होता, परत येताना गाडीत पूर्ण वेळ.

मला नाही पटत. पुढाऱ्याला वाट द्यायला निळा झेंडा दाखवा, मोटार शर्यतीत दाखवतात तसा. बाजूला व्हायला सांगा. पण जो माणूस पन्नास मिनिटं ते कुरण खांद्यावर सायकल घेऊन चढलाय, त्याला शेवटच्या फेरीची घंटा ऐकू द्या. टीव्हीवर पुढचे चारच दिसतात, तिथे फरक पडत नसेल. तिकीट काढून चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला पडतो. या खेळाची सगळी गंमत हीच की इथे मागचाही तितकाच जवळून दिसतो, आणि नेमका त्यालाच तुम्ही काढून घेता? काकू मागच्या सीटवर झोपल्या होत्या, नाहीतर माझ्या बाजूने बोलल्या असत्या. किंवा नसत्याही. पन्नास वर्षं बघतायत त्या.

घरी आल्यावर बूट बाल्कनीत ठेवले. नवऱ्याने विचारलं, "कोण जिंकलं?"

मला फोन काढून बघावं लागलं.